एल्मर कीथ यांचे फुटलेले रिव्हॉल्व्हर



रेंजवरचा सराव संपला की मी तुम्हाला रांगेत उभे करून रिकाम्या पुंगळ्या मोजायला लावतो. जितकी काडतुसे दिली तितक्या पुंगळ्या परत आल्याच पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी गवतात शोधाशोध सुरू होते आणि जेवणाची वेळ टळते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा माझा हट्ट वाटतो, हे मला ठाऊक आहे. मागच्या सत्रात आठवीच्या एका कॅडेटने मला विचारलेही, की उडून गेलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी एवढी जपायची कशाला, आता तिचा उपयोग तो काय?

त्या दिवशी मी त्याला अर्धेच उत्तर दिले. हिशेब लागला पाहिजे, एवढेच सांगितले. उरलेले अर्धे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे आणि ते उन्हात उभ्याउभ्या सांगण्यासारखे नव्हते. म्हणून मराठी पानासाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी एल्मर कीथ यांच्याविषयी लिहायचे ठरवले. मी लष्करात आर्मोरर होतो. शस्त्रे तपासणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या जगात थोडेफार वावरलेल्या माणसाला कीथ हे नाव माहीत असतेच.

एल्मर कीथचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या हार्डिन या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब पश्चिमेकडे माँटाना राज्यात गेले. तेथे मिसूला शहरात राहत असताना इमारतीला आग लागली आणि एल्मर भयंकर भाजला. तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा, म्हणजे तुमच्यातल्या सातवीच्या मुलाएवढा होता. जीव वाचला, पण डावा हात वाकडा झाला. असा मुलगा पुढे घोड्यावर बसेल आणि हातात शस्त्र धरेल, असे तेव्हा कोणी म्हटले नसते. एल्मरने दोन्ही केले. माँटाना, ऑरेगन आणि आयडाहो या डोंगराळ राज्यांत त्याने गुरे राखली, अडेल घोडे वठणीवर आणले, खेचरांवर सामान लादून शिकाऱ्यांना डोंगरात नेण्याचा धंदा केला. उजव्या हाताने रिव्हॉल्व्हर चालवण्यात तर तो इतका तयार झाला, की पुढे तीच त्याची ओळख बनली.

आता पुंगळीकडे येऊ. काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा दाबला की प्रायमर ठिणगी देतो, दारू पेटते आणि तिच्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. प्रायमर, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र जागच्या जागी राहते. चारही भागांत सर्वांत महाग ती पुंगळीच. ती धड असेल तर पुन्हा मूळ मापात दाबून घ्यायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू तोलून घालायची आणि नवी गोळी दाबून बसवायची; काडतूस पुन्हा तयार. आपण रेंजवर वापरतो त्या .२२ च्या काडतुसाचे असे होत नाही. त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि घोड्याच्या फटक्याने ती कड चेपते. मोठ्या काडतुसांचा प्रायमर मात्र मधोमध, सुटा बसवलेला असतो. म्हणून ती पुन्हा भरता येतात.

गुरे राखणाऱ्या तरुणाला विकतची काडतुसे मनसोक्त परवडणार कशी? आणि भरपूर गोळ्या झाडल्याशिवाय हात बसणार कसा? कीथ यांनी दोन्ही प्रश्न एकदमच सोडवले. ते आपली काडतुसे स्वतः भरू लागले आणि गोळ्याही स्वतः ओतू लागले. सोळा भाग शिसे आणि एक भाग कथील हे त्यांचे नेहमीचे प्रमाण. शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, गार झाले की गोळी बाहेर काढायची. गोळीचे आणि दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि एका पौंडात ७००० ग्रेन असतात. तुमच्यातल्या गणितवाल्यांनी हिशेब करून पाहावा. २५० ग्रेनची गोळी धरली तर एक पौंड धातूत २८ गोळ्या होतात. पुंगळी जुनीच, गोळी घरची, विकत घ्यायचा तो फक्त प्रायमर आणि चिमूटभर दारू. परदेशांतले अनेक नेमबाज आजही याच हिशेबाने सराव परवडवतात.

पण मित्रांनो, कारखान्यात काडतूस तयार होते तेव्हा त्याच्यामागे तपासणारे अनेक डोळे असतात. घरच्या मेजावर भरलेल्या काडतुसामागे दोनच डोळे असतात, भरणाऱ्याचे. कीथ यांना हा धडा वयाच्या सव्विसाव्या वर्षी मिळाला.

४ जुलै १९२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी तेथे फटाके वाजतात, बार उडतात. कीथ यांनी आपले .४५ चे जुन्या घडणीचे कोल्ट रिव्हॉल्व्हर बाहेर काढले. त्यात त्यांनी स्वतः भरलेली जोरकस काडतुसे होती. बार उडवता उडवता एक आवाज असा झाला की कानठळ्या बसल्या आणि डोळ्यांसमोर ज्वाळ चमकली. सवयीने त्यांच्या अंगठ्याने घोडा पुन्हा ओढला, बोटाने पुन्हा दाबला, पण बार उडाला नाही. तेव्हा ते थांबले आणि त्यांनी हातातल्या शस्त्राकडे पाहिले. सिलिंडरच्या सहा घरांपैकी तीन घरांचा वरचा अर्धा भाग नाहीसा झाला होता. सिलिंडरवरून जाणारी पोलादाची पट्टीही उडाली होती. कान घणघणत होते. बाकी शरीराला काही झाले नव्हते. डोळे, बोटे, चेहरा सगळे शाबूत राहिले ते केवळ नशिबाने.

आता मी माझी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय कीथ यांनी पुढे काय केले याची किंमत तुम्हाला कळायची नाही.

मी नवा नवा आर्मोरर होतो. एका दुपारी पिस्तुलांच्या नळ्या तपासून नोंदवहीत प्रत्येक पिस्तुलासमोर सही करायचे काम माझ्याकडे होते. शेवटची सातआठ पिस्तुले मी नळीतून न बघताच पुढे सरकवली आणि सह्या ठोकल्या. संध्याकाळी आमच्या उस्तादांनी सहज म्हणून त्यातले एक उचलून उजेडाकडे धरले. नळीत अंधार होता. फुलतरूने साफ करताना तुटलेली चिंदी आत अडकून राहिली होती. अडलेल्या नळीतून गोळी झाडली तर काय होते, हे मला पाठ होते. परीक्षेत मी त्याचेच उत्तर लिहून पास झालो होतो. तरीही माझ्या तोंडून पहिली गोष्ट निघाली ती ही, की साफसफाई माझ्याकडे नव्हती. ते खरेच होते. पण सही माझीच होती. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी नोंदवही माझ्यासमोर ठेवली आणि माझ्याच सहीवर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग मी चूक कबूल केली. ती सगळी पिस्तुले त्या रात्री मी पुन्हा तपासली. या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली, पण ते बोट मला अजून दिसते.

म्हणून कीथ यांचे मला फार वाटते. त्यांची चूक कोणी पकडलेली नव्हती. रिव्हॉल्व्हर त्यांचे, काडतुसे त्यांची. फुटलेले तुकडे पुरून टाकले असते तर कोणाला कळले नसते. उलट त्यांनी घडलेली हकीकत लिहून अमेरिकन रायफलमन या नेमबाजांच्या मासिकाकडे पाठवली आणि ती त्याच वर्षी छापून आली. ज्या माणसाने पुढे अनेक दशके शस्त्रांवर लिहिले, त्याच्या लेखनाची सुरुवात स्वतःच्या हातात फुटलेल्या शस्त्राच्या हकिकतीने झाली. ती वाचून इतर किती जणांनी आपापल्या मेजावरची काडतुसे पुन्हा तपासली असतील, याचा हिशेब कोणाकडेच नसणार. पण वाचणारा प्रत्येक जण सावध झाला असणार, एवढे नक्की.

कबुलीवर ते थांबले नाहीत. चुकीचे कारण त्यांनी शोधले. ते समजायला सोपे आहे. बाहेरून सारख्याच जाडीचे दोन लोखंडी नळ घ्या. एकाचे भोक मोठे, दुसऱ्याचे लहान. ज्याचे भोक लहान, त्याची भिंत जाड. .४५ च्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये घरांची भोके मोठी, म्हणून मधल्या भिंती पातळ. त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये .४४ ची घरे पाडली तर भिंती जाड राहतात. कीथ यांनी .४५ बाजूला ठेवले आणि .४४ स्पेशल हे काडतूस हाती धरले. त्यासाठी त्यांनी गोळीचा एक नवा घाट तयार केला. टोकाला चपटी, अंगावर रुंद पट्टे, मेणचट वंगण धरून ठेवायला खोल खाच आणि पुंगळीचे तोंड घट्ट आवळायला वेगळी खाच. लायमन कंपनीने तिचे साचे विकायला काढले. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाचे हॅरॉल्ड क्रॉफ्ट हे शौकीन आपली सुधारलेली रिव्हॉल्व्हरे घेऊन त्यांच्याकडे मुक्कामाला आले. त्या दोघांच्या खटपटीवर कीथ यांनी १९२९ मध्ये लिहिलेला लेख रिव्हॉल्व्हरच्या इतिहासात आजही मैलाचा दगड मानतात.

पुढे दारू बदलली आणि नवा धोका आला. जुनी काळी दारू पुंगळी जवळजवळ भरून टाकते. चुकून दुसऱ्यांदा ओतली तर ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. बिनधुराची दारू जोरकस असते, थोडीशीच पुरते. मोठ्या पुंगळीत ती दोनदा पडली तरी मावते. वरून गोळी बसवली की चूक झाकली जाते, ती फुटल्यावरच उघडी पडते. म्हणून सावध माणूस सगळ्या पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत उभ्या करतो, दारू घालून झाली की दिवा धरून एकेका पुंगळीत डोकावतो आणि मगच गोळ्या बसवायला घेतो. मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवतो. काम करताना गप्पा मारत नाही. भरलेल्या काडतुसांवर काय भरले ते लिहून ठेवतो. शिसे हाताळले की जेवणाआधी हात साबणाने धुतो. दारूचे माप छापील कोष्टकातून घेतो आणि कमी मापापासून सुरुवात करतो.

छापील मापही डोळे मिटून घ्यायचे नसते. कीथ यांच्या उमेदीच्या काळात पुंगळीच्या बुडाची भिंत पातळ असे, त्यामुळे आत जागा जास्त. नंतर बूड भरीव आणि मजबूत झाले, पण आतली जागा घटली. तेवढीच दारू कमी जागेत जळली की दाब वाढतो. म्हणून कीथ यांनी नव्या पुंगळ्यांसाठी आपलेच माप कमी केले. ज्या मापाने त्यांचे नाव झाले होते ते त्यांनी कवटाळून धरले नाही. येथे मी ते आकडे मुद्दाम देत नाही. त्यांची मापे जुन्या काळची आणि फार जोरकस होती. आज ती कोणी आंधळेपणाने उतरवू नयेत, असेच जाणकार सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात कीथ युटा राज्यातल्या ऑग्डेन शस्त्रागारात तपासनीस झाले. दुरुस्त होऊन आलेल्या रायफली सैन्याकडे पाठवण्याआधी तपासायच्या, हे काम. पास झालेल्या रायफलीच्या लाकडी दस्त्यावर चौकटीत चार अक्षरांचा शिक्का बसे : ओ, जी, ई, के. पहिली दोन अक्षरे ऑग्डेनची आणि शेवटची दोन एल्मर कीथ यांची. ती रायफल घेऊन कुठे कोण लढणार, हे त्यांना माहीत नव्हते. पण ती दगा देणार नाही याची हमी त्यांनी आपल्या नावाने दिलेली होती. त्या शिक्क्याचे चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या उस्तादांचे बोट आठवले.

कीथ यांचे एक मागणे वर्षानुवर्षे अडून राहिले होते. त्यांच्या जोरकस .४४ काडतुसासारखे काडतूस कारखान्यांनी काढावे, असे ते सतत लिहीत. कारखाने बिचकत. कारण लोकांच्या घरी .४४ स्पेशलची जुनी, नाजूक रिव्हॉल्व्हरे होती. नवे जोरकस काडतूस कोणी त्यात घातले तर? अखेर रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर तयार केले. १९५५ च्या अखेरीस आणि १९५६ च्या आरंभी .४४ मॅग्नम जगापुढे आले. त्यातली युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या काडतुसाची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवली. त्यामुळे ती जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात पूर्ण बसतच नाही. उलट नव्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये जुने, सौम्य काडतूस खुशाल चालते. हीच युक्ती १९३५ च्या .३५७ मॅग्नममध्ये आधी वापरली गेली होती. सूचना लिहिलेला कागद हरवतो, माणूस विसरतो, पण तीन मिलिमीटर पितळ विसरत नाही. जेथे चूक होऊ शकते तेथे ती होऊच न देणारी रचना करणे, ही सुरक्षिततेची सर्वांत वरची पायरी.

कीथ यांचे सगळेच सर्वांना पटले असे नाही. जड गोळी की हलकी वेगवान गोळी, यावर जॅक ओकॉनर या दुसऱ्या नामवंत लेखकाशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. त्यांच्या लांब पल्ल्याच्या नेमाच्या कथांवर काही जण आजही मान हलवतात. मोठी हॅट आणि तोंडात सिगार ही त्यांची मूर्ती प्रसिद्ध आहे. दारूच्या मेजाजवळ त्यातली सिगार मात्र कोणी उचलू नये! १९५५ मध्ये त्यांचा सिक्सगन्स हा ग्रंथ आला, १९७३ मध्ये हँडगनसाठीचा मानाचा अमेरिकन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान त्यांनाच मिळाला. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. सिलिंडर फुटलेल्या त्या दिवसानंतर ते जवळजवळ एकोणसाठ वर्षे जगले, दोन्ही डोळे आणि उजवा हात शाबूत ठेवून.

पालकांसाठी आणि तुमच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी घरी प्रयोग करायचे नाहीत आणि रेंजवरून एकही पुंगळी खिशात घालून न्यायची नाही. पुंगळी मोजण्याचे उरलेले अर्धे उत्तर हेच, की ती रिकामी असली तरी निरुपयोगी नसते; चुकीच्या हातात ती पुन्हा काडतूस होऊ शकते.

आणि रेंजवर एवढे करा. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी बसला, तर दुसरी गोळी झाडू नका. नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवून बोट घोड्यावरून काढा आणि हात वर करा. गोळी नळीत अडकली असू शकते. तुमच्या हातून काही चुकले असेल, तर ते मी शोधून काढण्याआधी तुम्ही येऊन सांगा. हात वर करणाऱ्या किंवा चूक सांगायला येणाऱ्या कॅडेटला माझ्या रेंजवर कधीही शिक्षा होणार नाही. आठवीच्या त्या कॅडेटला मी द्यायचे राहिलेले उत्तर आज दिले. पुढच्या शनिवारी पुंगळ्या मोजायला त्यालाच पुढे बोलावणार आहे.